कोथिंबीर वडीतली कोथिंबीर गेली कुठे? व्हिडिओतले इफेक्ट लावणं आणि सांभाळणं

कोथिंबीर वडीच्या व्हिडिओत कोथिंबीरच दिसत नव्हती.

लालबागच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात, त्या रेसिपीचे व्हिडिओ करतात. त्यांना हौस आली, की ओट्यामागच्या तेलकट भिंतीऐवजी कोकणातलं अंगण दिसावं, माड डुलावेत. भाच्याने हिंदमाताहून हिरवं कापड आणलं, भिंतीला ठोकलं, फोनवर शूटिंग उरकलं आणि पेन ड्राइव्ह माझ्या दारात आला. इमारतीत एडिटिंग करून पोट भरणारा मी एकटाच. क्लिपवर क्रोमा कीचा, म्हणजे हिरवं तेवढं पारदर्शक करणारा, इफेक्ट टाकला. भिंत गेली, माड आले. पण भिंतीबरोबर जुडी गेली, मिरच्या गेल्या आणि काकूंचा हिरवा चुडाही गेला. कोपर एकीकडे, पंजा दुसरीकडे, आणि मधल्या पट्ट्यातून समुद्र दिसतोय. काकू स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "अरे मेल्या, माझ्या बांगड्या का वाढवल्यास?"

त्यानंतर त्यांना सगळं उलगडून सांगताना माझ्याच लक्षात आलं, की इफेक्ट लावायला आपण सगळे पाच मिनिटांत शिकतो. तो कुठे लावला, कशाच्या आधी लावला आणि उद्या काढायचा झाला तर काय काय हलेल, हे मात्र कोणी शिकवत नाही. माझे बहुतेक जागरणाचे तास या दुसऱ्या गोष्टीत गेलेत.

क्लिपला टाचलेली चिठ्ठी

क्लिपवर इफेक्ट टाकला तरी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हातही लावत नाही. ते क्लिपला फक्त एक चिठ्ठी टाचतं: ही दाखवायच्या आधी एवढं एवढं कर. प्रोजेक्ट फाइलमध्ये साठतात त्या या चिठ्ठ्या, चित्र नव्हे. म्हणून लग्नाचं फुटेज शेकडो जीबी असलं तरी त्याची प्रोजेक्ट फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवता येते. आणि म्हणूनच फुटेजचा फोल्डर कोणी दुसरीकडे हलवला, की चिठ्ठ्या हातात राहतात आणि क्लिपच्या जागी लाल पाटी झळकते.

चिठ्ठी वाचणाऱ्याला कोथिंबीर ओळखता येत नाही. त्याच्या लेखी चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. साध्या आठ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. ब्राइटनेस वाढवला म्हणजे तिन्ही आकडे वर सरकवले. ब्लर म्हणजे शेजारपाजारच्या ठिपक्यांची सरासरी काढली. क्रोमा की म्हणजे 'ज्या ठिपक्यात हिरव्याचा आकडा बाकी दोघांच्या बराच वर आहे, तो पारदर्शक कर' एवढीच सूचना. कापडाला लागू, कोथिंबिरीलाही लागू. सॉफ्टवेअरने आगाऊपणा केला नव्हता, सांगितलं तेवढंच केलं होतं.

आता हा हिशेब किती वेळा करावा लागतो ते बघा. फुल एचडी चित्र १९२० × १०८० ठिपक्यांचं, म्हणजे एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके. आपल्याकडे टीव्हीचं काम बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमने चालतं. म्हणजे एका सेकंदाला ५ कोटी १८ लाख ४० हजार ठिपके, प्रत्येकाचे तीन आकडे, आणि हे एका इफेक्टपुरतं. फोरकेमध्ये हे सगळं चौपट. चार इफेक्ट चढवल्यावर लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरायला लागतो तो यामुळे. प्ले दाबलं की सगळ्या चिठ्ठ्या पहिल्यापासून वाचायच्या, पुन्हा मागे जाऊन प्ले केलं की पुन्हा वाचायच्या.

आधी काय, मग काय

एका क्लिपवर दोन चिठ्ठ्या असतील तर पहिलीचं उत्तर दुसरीच्या हातात जातं. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टची यादी वरून खाली वाचली जाते. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कलर पेजवर इफेक्ट नोडच्या, म्हणजे छोट्या चौकटींच्या, रूपात एकमेकांना जोडलेले असतात आणि चित्र डावीकडून उजवीकडे वाहतं. फोनवरच्या काही अ‍ॅपमध्ये हा क्रम दिसतच नाही, आणि माझ्या मते नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

स्वतः करून बघा. एखादी क्लिप आधी क्रॉप करा आणि मग तिच्यावर ब्लर टाका. कापलेली कड विरघळल्यासारखी मऊ होते. आता यादीत ब्लर वर ओढा आणि क्रॉप खाली. चित्र धूसरच राहतं, पण कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते. तेच दोन इफेक्ट, तेच आकडे, उत्तर वेगळं. काकूंना हे दाखवलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "फोडणीसारखंच की. मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकलीस तर करपणारच." दोन-चार हौशी मुलांना शिकवताना मी यावर अर्धा अर्धा तास घालवलाय, त्यांनी एका वाक्यात संपवलं.

माझा क्रम साधारण असा असतो: दाणेदार फुटेज असेल तर नॉइज, म्हणजे ते दाणे, काढणं सगळ्यांत आधी, कारण पुढचा प्रत्येक इफेक्ट तो नॉइज खऱ्या तपशिलासारखाच वाढवत नेतो. मग क्रोमा की, कारण रंग बदलल्यावर कापडाचा हिरवाही बदलतो. मग उजेड आणि रंगाची दुरुस्ती, मग लुक म्हणजे एकूण रंगढंग, आणि कडा धारदार करणारं शार्पन शेवटी. हा काही कायदा नाही. पण मोडायचा असेल तर का मोडतोय हे मला माहीत असतं.

प्रीमिअरमध्ये यात एक छुपी खोड आहे. इफेक्टच्या पॅनेलमध्ये मोशन (जागा, आकार, फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकपणा) ही दोन नावं सगळ्यांत वर दिसतात, त्यामुळे ती आधी होत असतील असं वाटतं. होतात मात्र शेवटी, तुम्ही टाकलेले बाकीचे सगळे इफेक्ट झाल्यावर. मला हे कळलं एका शीर्षकाच्या सावलीमुळे. अक्षरांना ड्रॉप शॅडो दिली, सावली खाली उजवीकडे. मग मोशनमधून ते शीर्षक गोल फिरवलं, तर सावलीही त्याच्याबरोबर गोल फिरली, सूर्य अक्षरांभोवती घिरट्या घालत असल्यासारखी. तोड अशी, की फिरवणं मोशनमध्ये न करता ट्रान्सफॉर्म नावाचा इफेक्ट लावून करायचं आणि तो यादीत सावलीच्या वर ठेवायचा. सावली जागेवर राहते.

क्रमाची दुसरी बाजू म्हणजे नासाडी. आठ बिटात काम करणाऱ्या इफेक्टने उजेड इतका वाढवला, की ढगांचे सगळे आकडे २५५ वर जाऊन चिकटले, तर पुढच्या इफेक्टने उजेड कितीही कमी करा, ढग परत येत नाहीत. नुसता करडा पत्रा मिळतो. ३२ बिटात हिशेब करणारे इफेक्ट २५५ च्या वर गेलेला आकडाही लक्षात ठेवतात, म्हणून त्यातून ढग परत काढता येतात. प्रीमिअरमध्ये इफेक्टच्या नावापुढे ३२ अशी छोटी खूण असते ती याचीच. दोघांमध्ये निवड असेल तर खूणवाला घ्या.

सत्तर क्लिप आणि एक फोन

एका मंडळाच्या विसर्जनाच्या मिरवणुकीचं काम होतं. लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत, सकाळच्या उन्हापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत, तीन कॅमेरे. सत्तरेक क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, आल्या. मी तेव्हा नवा होतो. प्रत्येक क्लिपवर तोच लट टाकला. लट म्हणजे रंगांचं रेडी रेकनर: हा रंग आला तर त्याऐवजी तो दे, असा तयार तक्ता. वर प्रत्येक क्लिपला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं, कारण मिरवणूक आहे, रंग उठून दिसायला हवा.

संध्याकाळी फोन आला: "सगळं झकास आहे, फक्त गुलाल जरा कमी लाल करा ना." फक्त! सत्तर क्लिप, प्रत्येकीवर दोन इफेक्ट, आणि काहींवर मी मधेच हाताने आकडे बदललेले. रात्रभर उघडझाप करत बसलो. आणि गुलाल तरीही सुधारला नाही. गुलालाचा लाल कॅमेऱ्यातच २५५ ला टेकला होता. वरून मी सॅच्युरेशन वाढवलं तेव्हा कपाळावरचा गुलाल, हवेतला गुलाल आणि रस्त्यावरचा गुलाल यांतला फरकच पुसला जाऊन एक सपाट तांबडा लेप झाला होता. लाल कमी केला की तोच लेप फिका व्हायचा, त्यातला गुलाल दिसायचा नाही.

त्या रात्रीपासून मी कामाची दोन भागांत वाटणी करतो. क्लिपचा स्वतःचा दोष क्लिपवरच दुरुस्त करायचा: ही अंधारी आहे, ती पिवळट आहे, तिसरी हलतेय. आणि सगळ्या व्हिडिओला जो एक रंगढंग द्यायचाय, तो अ‍ॅडजस्टमेंट लेअरवर. हा लेअर म्हणजे रंगीत जिलेटिनचा कागद. स्वतःत चित्र काही नाही, पण त्याच्यावर जे इफेक्ट टाकाल ते त्याच्या खालच्या सगळ्या ट्रॅकना लागू होतात. रिझॉल्व्हमध्ये याला अ‍ॅडजस्टमेंट क्लिप म्हणतात. सत्तर क्लिपवर एकच कागद पसरला असता, तर तो फोन दोन मिनिटांचं काम होता.

कागदाचे तोटेही आहेत. त्याच्या खाली जे काही असेल ते सगळं रंगतं, मंडळाचा लोगो आणि देणगीदारांची नावंसुद्धा. म्हणून अक्षरं आणि लोगो नेहमी कागदाच्या वरच्या ट्रॅकवर. आणि दिवसाच्या उन्हाला जो लुक शोभतो तो पहाटेच्या हॅलोजनखाली भयाण दिसतो, म्हणून मिरवणुकीला एक कागद पुरत नाही. दोन-तीन तरी लागतात.

लोकल उभी, फलाट पळतोय

क्लिप आणि अ‍ॅडजस्टमेंट लेअर यांच्यानंतर इफेक्ट लावायची तिसरी जागा म्हणजे नेस्ट. एक किंवा अनेक क्लिपची पुरचुंडी बांधायची आणि त्या पुरचुंडीला एकच क्लिप समजून तिच्यावर इफेक्ट लावायचे. रिझॉल्व्ह आणि फायनल कटमध्ये हीच कंपाउंड क्लिप. आधी मला हा नसता उपद्व्याप वाटायचा. मग हलता शॉट स्थिर करणाऱ्या स्टॅबिलायझरशी गाठ पडली.

दादरच्या फलाटावर हातात धरून घेतलेला एक शॉट होता, समोरून फास्ट लोकल जातेय. शॉट हलत होता म्हणून प्रीमिअरचा वार्प स्टॅबिलायझर लावला, आणि गाडी लांबवायची म्हणून क्लिपचा वेग निम्मा केला. सॉफ्टवेअरने साफ सांगितलं, हे दोन्ही एका क्लिपवर चालणार नाहीत. मग वेग कमी केलेल्या क्लिपची पुरचुंडी बांधली आणि स्टॅबिलायझर पुरचुंडीवर लावला. चाललं. पण निकाल बघून हसावं की रडावं कळेना: लोकल जागच्या जागी उभी आणि फलाट, बाकडी, माणसं सगळी मागे पळतायत!

कारण सरळ आहे. स्टॅबिलायझर चित्रातले खूप सारे ठळक बिंदू पकडतो आणि पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे गेले हे बघतो. जास्तीत जास्त बिंदू ज्या दिशेला सरकले, त्याच्या विरुद्ध दिशेला कॅमेरा हलला असं तो धरून चालतो आणि बिंदू जागच्या जागी राहावेत म्हणून चित्र मागे ढकलतो. माझ्या शॉटमध्ये तीन चतुर्थांश चित्र लोकलने व्यापलं होतं. बहुमत लोकलचं. तेव्हा त्याने लोकलला जमीन मानलं. अशा वेळी पुढे जाणारी मोठी गोष्ट हिशेबातून वगळायला सांगावं लागतं, नाहीतर शॉट हलताच ठेवावा. मी हलता ठेवला. फलाटावर उभ्या माणसाची नजर तशीही स्थिर कुठे असते?

शिवाय स्टॅबिलायझर फुकट नसतो. चित्र इकडेतिकडे ढकललं की कडांना काळ्या फटी पडतात, त्या लपवायला तो चित्र मोठं करतो. १२० टक्के मोठं केलं म्हणजे १९२० × १०८० पैकी प्रत्यक्षात १६०० × ९०० ठिपकेच पडद्यावर उरतात, बाकीचे ताणून भरलेले. म्हणून असा शॉट फोरकेमध्ये घ्यावा आणि टाइमलाइन फुल एचडी ठेवावी. ताणायला कापड शिल्लक राहतं.

कीफ्रेम

इफेक्टचा आकडा वेळेबरोबर बदलायचा असेल तर कीफ्रेम. दोन क्षणांचे आकडे तुम्ही सांगता, मधले सॉफ्टवेअर भरतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना रोज एकेक फ्रेम टिपली आणि मग ते रोप पडद्यावर झरझर वाढताना दाखवलं. त्यांनी मधली प्रत्येक फ्रेम खरोखर टिपली होती, महिनाभर धीर धरून. आपल्याला पहिली आणि शेवटची सांगून भागतं, आणि या सवलतीची किंमत हालचालीत दिसते.

समजा पाहुण्याचं नाव एका सेकंदात डावीकडून ५०० ठिपके आत सरकवायचंय. २५ फ्रेम, म्हणजे साध्या हिशेबाने दर फ्रेमला २० ठिपके. पहिल्या फ्रेमलाही २०, शेवटच्यालाही २०. नाव धाडकन सुटतं आणि धाडकन थांबतं, आमच्या इमारतीच्या जुन्या लिफ्टसारखं. खऱ्या जगात वजन असलेली कुठलीच वस्तू अशी हलत नाही. कीफ्रेमवर राइट क्लिक करून इझ इन, इझ आउट निवडलं, की सुरुवातीला २-३ ठिपके, मध्ये भरपूर, शेवटी पुन्हा २-३ अशी वाटणी होते. एवढ्या एका बदलाने काम घरगुती वाटेनासं होतं.

सांभाळायची गोष्ट अशी, की कीफ्रेम टाइमलाइनला नव्हे, क्लिपला चिकटलेल्या असतात. क्लिपचं शेपूट कापलं आणि शेवटची कीफ्रेम त्या शेपटात होती, तर फेड, म्हणजे चित्राचं हळूहळू मावळणं, अर्ध्यावरच तुटतो. आधी कट पक्के करा आणि मगच कीफ्रेमला हात लावा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः अजूनही विसरतो.

पुन्हा काकूंकडे

क्रोमासाठी हिरवंच कापड का? १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बायर यांना ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरमध्ये आहे: दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याची माहिती दुप्पट, त्यामुळे हिरव्याची कड जास्त नीट सापडते. शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा ठळक नसतो. पण फोन ही माहिती साठवताना काटकसर करतो. उजेडाचा आकडा प्रत्येक ठिपक्याचा ठेवतो, रंगाचा मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. डोळ्यांना फरक कळत नाही, क्रोमा कीला कळतो. ती रंगावरूनच कापते, आणि तिच्या हातातली कात्री चौपट बोथट असते. केसांच्या बटा पायरी-पायरीने कापल्यासारख्या दिसतात त्या यामुळे.

दुसरी अडचण खोलीची. माणूस कापडापासून दोन मीटर तरी पुढे असावा, म्हणजे कापडाचा हिरवा उजेड अंगावर सांडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत ओटा, गॅस, फ्रिज आणि काकू बसवल्यावर दोन मीटर आणायचे कुठून? काकूंच्या कानामागे आणि खांद्यांच्या कडेला हिरवी झाक होतीच. तिला स्पिल म्हणतात, आणि ती काढायला स्पिल सप्रेशन नावाची सोय असते. तिची एक कडक पद्धत अशी: कुठल्याही ठिपक्यात हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. मी ती पुरती चढवली. हिरवी झाक गेली, आणि ताटलीतली हळद शेंदरी झाली! पिवळा रंग म्हणजे भरपूर लाल, भरपूर हिरवा आणि जवळपास शून्य निळा. त्याचा हिरवा निम्म्यावर आणला तर नारिंगीच उरणार. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही: "ही काय तिखटाची ताटली आहे का?" स्पिलचा काटा मागे घेतला, कानामागे थोडं हिरवं राहू दिलं. कान कोण बघतंय, हळद सगळे बघतात.

जुडीचा प्रश्न मास्कने सुटला, निदान निम्मा. कापड काकूंच्या खांद्यामागेच होतं, ओट्यावर नव्हतंच. तेव्हा क्रोमा कीला सांगितलं, ओट्याच्या कडेच्या वर काम कर, खाली हात लावू नकोस. मास्क म्हणजे इफेक्टभोवती आखलेली लक्ष्मणरेषा. ओट्यावरची कोथिंबीर, मिरच्या, चुडा सगळं परत आलं. पण मग एका ठिकाणी काकू जुडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरतात आणि "अशी कोवळी घ्यायची" म्हणतात. जुडी रेषेच्या वर गेली की गायब. तिथे मूळ क्लिपची दुसरी प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवली, तिच्यात हात आणि जुडी तेवढी मास्कने कापून घेतली. मास्कला ट्रॅकिंग लावलं तर सॉफ्टवेअर तो पुढच्या फ्रेममध्ये आपोआप सरकवतं, पण हिरव्यावर हिरवं असल्यावर त्याला धरायला कड सापडेना. मग १४० फ्रेम हाताने. साडेपाच सेकंदांच्या जुडीसाठी एक अख्खी दुपार.

हाच मास्क गाड्यांच्या नंबर प्लेट झाकायलाही वापरतात. तिथे ट्रॅकिंग सुरेख चालतं, मध्ये विजेचा खांब येईपर्यंत. खांबाच्या पलीकडे जाऊन तिथून उलटं मागे ट्रॅक केलं की बहुतेक वेळा जमतं. आणि हलका ब्लर पुरत नाही, आकडे वाचता येतात. जाड मोझेक किंवा सरळ काळी पट्टी टाका.

वडी तळताना मागे फुलबाजीच्या ठिणग्यांसारखं काहीतरी हवं होतं काकूंना. ते सोपं होतं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या ठिणग्यांची क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवायची आणि ब्लेंड मोड (वरचं चित्र खालच्यात कसं मिसळायचं ते) स्क्रीन करायचा, काळं निघून जातं आणि उजेड तेवढा उरतो. पांढऱ्यावरची शाई किंवा डाग घालायचा असेल तर मल्टिप्लाय. काळं दिसत नाही ही युक्ती आपल्या सिनेमात जुनी आहे. ट्रिक दृश्यांचे जुने जादूगार बाबूभाई मिस्त्री काळ्या धाग्याने वस्तू हवेत तरंगवायचे, इतके की त्यांचं टोपणनावच काला धागा पडलं.

मशीन रडायला लागलं की

एवढं सगळं चढल्यावर माझी टाइमलाइन अडखळायला लागली. प्रीमिअरमध्ये टाइमलाइनच्या वर रंगाची रेघ असते: हिरवी म्हणजे हा भाग रेंडर करून ठेवलाय, पिवळी म्हणजे बहुधा अडखळल्याशिवाय चालेल, लाल म्हणजे आशा सोडा. रिझॉल्व्हमध्ये लाल भाग कॅश झाला, म्हणजे तयार करून साठवला गेला, की निळा होतो. लाल भाग रेंडर केला म्हणजे चिठ्ठ्यांचं उत्तर एकदा काढून बाजूला ठेवलं, दर वेळी हिशेब नको. पण चिठ्ठीत एक आकडा बदलला की ते उत्तर रद्द. म्हणून रंग पक्का व्हायच्या आधी रेंडर करत बसण्यात अर्थ नाही. तोवर प्रॉक्सी वापरा. फुटेजच्या हलक्या प्रतींवर एडिट करायचं, एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर मूळ फाइली घेतं. आणि नेमकं कोणामुळे अडतंय हे शोधायला इफेक्टच्या नावाशेजारचं एफएक्सचं बटण एकेक करून बंद करत जा. दहापैकी आठ वेळा गुन्हेगार नॉइज काढणारा असतो.

दुसऱ्या मशीनवर काम न्यायचं असेल तर बाहेरून विकत घेतलेल्या प्लगइनपासून जपा. तुमच्याकडे ते आहे, समोरच्याकडे नाही, तर त्याच्या स्क्रीनवर तो इफेक्ट चालत नाही. अंधेरीतल्या एका स्टुडिओत रात्री अकराला हे माझ्या नशिबी आलंय. सकाळी प्रसारण होतं. तेव्हापासून असे शॉट आधीच रेंडर करून, त्यांची स्वतंत्र फाइल बनवून सोबत नेतो. आणि अ‍ॅडजस्टमेंट लेअरला नाव देतो. 'रात्र थंड', 'गुलाल कमी', 'काकू हळद'. पंधरा दिवसांनी बदल आला तर 'अ‍ॅडजस्टमेंट लेअर ०७' बघून मला काहीही आठवत नाही.

काही दुखणी मात्र इफेक्टने जात नाहीत. स्टेशनवरच्या शॉटमध्ये दिवे लुकलुकतात, ट्यूबलाइटखाली चित्रावरून पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचा शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड आत घ्यायचा) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की बहुतेक ठिकाणी भागतं. घरी येऊन इफेक्टने ते काढणं म्हणजे सांडलेलं दूध चमच्याने भरणं.

काकूंचा व्हिडिओ शेवटी झाला. त्यांनी तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा थांबवला आणि म्हणाल्या, "माडांवर ऊन उजवीकडून पडतंय, माझ्या तोंडावर डावीकडून." बरोबर होतं. ट्यूबलाइट कॅमेऱ्याच्या डावीकडे आहे. मागचं चित्र आरशासारखं उलटं केलं, दोन सेकंदांचं काम. एवढ्या दिवसांत मला ते दिसलं नव्हतं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "उद्या अळूवडी आहे. भाच्याने निळं कापड आणलंय. साडी जांभळी नेसले तर चालेल ना रे?"

जांभळ्यात निळा किती आहे ते बघायला मी खाली उतरलो.